माशी चावली कुठे, त्रास झाला कुठे

पत्र: "माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन वीस किलो. गेल्या वर्षी त्याच्या हाताला मधमाशी चावली. दुसऱ्या दिवशी हात पार कोपरापर्यंत सुजला, बोटं मिटेनात. मी फार घाबरले होते. सूज उतरायला आठवडा लागला. या महिन्यात खेळताना त्याच्या मानेला गांधीलमाशी चावली. या वेळी जागेवर जेमतेम लाल ठिपका होता. पण दहा मिनिटांत सगळं अंग खाजायला लागलं, पोटावर-मांड्यांवर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली आणि कोरडा खोकला सुरू झाला. घरात अ‍ॅलर्जीचं सिरप होतं, ते दिलं. तो म्हणाला, 'आई, मला झोप येतेय,' म्हणून झोपू दिलं. तासाभराने दवाखान्यात नेलं तोवर तो बराच सावरला होता. तिथे एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात घरी पाठवलं. घरचे म्हणतात, मागच्या वेळेसारखी सूजसुद्धा आली नाही, आता विसरून जा. पण माझ्या मनातून जात नाही. पुढच्या वेळी काय होईल? सिरप जवळ ठेवलं तर पुरेल का? त्याला बाहेर खेळायला पाठवू की नको?"

ताई,

तुमच्या मनातून जात नाही, हे चांगलंच आहे. जाऊ देऊ नका. घरच्यांनी तुम्हाला धीर द्यायला म्हणून सांगितलं असेल, पण त्यांचा हिशोब उलटा झाला आहे. सुजलेला हात दिसायला भयंकर होता आणि जिवाला त्यापासून धोका नव्हता. या वेळचा प्रसंग दिसायला किरकोळ होता आणि खरी धास्ती त्याचीच घ्यायला हवी. पत्र वाचून निदान करू नये, हे मला कळतं. तरीही माशी चावल्यावर दहा मिनिटांत अंगभर गांधी, पाठोपाठ उलट्या, खोकला आणि मूल गळून जाणं, एवढं एकत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिलं नाव येतं ते अ‍ॅनाफिलॅक्सिसचं, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम वेढणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीचं. तुमच्या मुलाला तसंच झालं असं धरून चाला आणि लवकरात लवकर अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांना दाखवा.

आधी त्या हाताबद्दल सांगतो, म्हणजे ती भीती तरी डोक्यातून जाईल. डंखाच्या भोवती दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त सूज आली की तिला आम्ही मोठी स्थानिक प्रतिक्रिया म्हणतो. ती पहिल्या दिवशी थोडी असते, २४ ते ४८ तासांत सर्वात जास्त वाढते आणि पुढे पाच ते दहा दिवसांत ओसरते. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली, लाल आणि गरम दिसली की पू होतोय असं वाटून पुष्कळांना अँटिबायोटिक सुरू केलं जातं. बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते. जंतुसंसर्गाची शंका घ्यायची ती तीन-चार दिवसांनी सूज उतरायच्या ऐवजी पुन्हा वाढू लागली, ताप आला किंवा पू दिसला तर. एरवी कापडात गुंडाळून बर्फ, हात उशीवर उंच ठेवणं, दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि खाजेसाठी ते तुमचं सिरप, एवढं पुरतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र कधीच देऊ नका. हात कितीही सुजला तरी तो त्रास हातापुरताच असतो. अशी सूज येणाऱ्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच पुढच्या डंखाला अंगभर अ‍ॅलर्जी होते.

आता मानेचा तो लाल ठिपका. मला तुमच्याकडून एकच गोष्ट पक्की करून घ्यायची आहे: माशी चावल्यावर चावलेल्या जागेकडे बघत बसायचं नाही, बाकीच्या मुलाकडे बघायचं. माशी मानेला चावली आणि त्रास पोटात, छातीत, त्वचेवर, डोक्यात झाला, तर ते विष जागेवर राहिलेलं नाही. ज्या मुलाच्या शरीराने त्या विषाविरुद्ध आधीच प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात, त्याच्या अंगातल्या मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशी, एकाच वेळी चेततात आणि हिस्टामिन व त्याच्यासारखी इतर रसायनं बाहेर ओततात. रक्तवाहिन्या सैल पडून झिरपायला लागतात. त्वचेत झिरपल्या की गांधी, ओठ-पापण्यांत झिरपल्या की सूज. घसा आतून सुजला की आवाज घोगरा होतो. श्वासनळ्या आवळल्या की खोकला आणि शिट्टीसारखा आवाज येतो. आतडी आवळली की पोटात कळ आणि उलटी. वाहिन्यांतलं पाणी बाहेर गेलं की रक्तदाब घसरतो, आणि मेंदूला रक्त कमी पडलेलं सहा वर्षांचं मूल 'मला चक्कर येतेय' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'मला झोप येतेय.' त्याहून लहान असेल तर नुसतं मांडीत पडून राहतं, किंवा उगाचच बिथरून रडतं.

हे वाक्य तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. कोणत्याही आईने उलट्या झालेल्या मुलाला झोपू दिलंच असतं. शिकाऊ असताना मी स्वतः अशा एका मुलीला तपासून पोटाचं दुखणं समजलो होतो. अंगावर एक गांध नाही. आई सांगत होती, मधमाशी चावली आणि उलट्या सुरू झाल्या, आणि मी पोट दाबून बघत होतो. बाजूच्या परिचारिकेने तिच्या हाताची नाडी धरली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. नाडी लागत नव्हती. त्या मुलीला अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे यावरचं मुख्य औषध, मिळालं, ती वाचली. तेव्हापासून डंखानंतरच्या उलटीला मी कधी पोटाचं दुखणं म्हटलेलं नाही. अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या दर दहा रुग्णांपैकी एक-दोघांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून गांधींची वाट पाहू नका.

वेळ किती असतो? बहुतेक त्रास पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो. डंखाच्या अ‍ॅलर्जीने दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी ब्रिटनमध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा डंखापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम अवधी १५ मिनिटांचा निघाला. मुलांमध्ये असे मृत्यू फार विरळा आहेत, हेही लगेच सांगतो. बहुसंख्य मुलं सावरतात, तुमचाही सावरला. पण तो सिरपमुळे सावरला असं समजू नका. शरीराने स्वतःचं अ‍ॅड्रेनॅलिन सोडलं, त्यामुळे सावरला असावा. पुढच्या वेळी शरीर पुन्हा तेवढंच साथ देईल, याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सिरप पुरणार नाही. त्यातलं अँटिहिस्टामिन खाज आणि गांधी कमी करतं, तेही अर्धा-पाऊण तास घेऊन. घशाची सूज त्याने उतरत नाही, घसरलेला रक्तदाब त्याने चढत नाही. वर गांधी मावळल्या की आपल्याला वाटतं बरं वाटतंय, आणि आतलं चालूच असतं. स्टेरॉइडलाही परिणाम दाखवायला काही तास लागतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन. ते सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं, आवळलेल्या श्वासनळ्या उघडतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींना आणखी रसायनं सोडू देत नाही. काम मिनिटांत सुरू होतं.

ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं असतं. दंडात नाही, कातडीखाली नाही. मात्रा दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या वीस किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम, आणि एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ०.२ मिलिलिटर. लहान मुलांना एका वेळी ०.३ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. पेनसारखा ऑटो-इंजेक्टर मिळत असेल तर साधारण १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅमचा आणि त्यावरच्यांसाठी ०.३ मिलिग्रॅमचा असतो. वीस किलोला ०.१५ थोडं कमी वाटेल, पण घाबरलेल्या माणसाने सिरिंज भरण्यापेक्षा लगेच दिलेलं ०.१५ कितीतरी चांगलं. ऑटो-इंजेक्टर मिळत नसेल, तर डॉक्टर तुम्हाला अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि खुणेची सिरिंज देऊन भरायला शिकवू शकतात. ते त्यांच्यासमोर चार-पाच वेळा करून बघितल्याशिवाय घरी येऊ नका. मी आयांना मुलाला मांडीवर आडवं घ्यायला लावतो, एका हाताने त्याचा गुडघा घट्ट धरायला, कारण मूल पाय झटकतं आणि सुईने ओरखडा पडतो. पेन कपड्यावरूनही टोचता येतो, पण आधी खिशात काही कडक नाही ना, तेवढं चाचपायचं. पाकिटात सांगितलेले सेकंद दाबून धरायचा.

आई-बाबा सर्वात जास्त अडतात ते 'द्यावं की थांबून बघावं' इथे. हृदयावर परिणाम होईल, अशी भीती असते. योग्य मात्रेत मांडीत दिलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनने निरोगी मुलाची छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो आणि थोड्या वेळाने सगळं शांत होतं. उशिरा दिलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनची किंमत याच्या कित्येक पट मोठी असते. तुमच्या मुलाच्या बाबतीत, आधीचा प्रसंग माहीत असताना, डंखानंतर त्वचेबरोबर श्वासाचं किंवा पोटाचं लक्षण दिसलं, किंवा नुसताच दम लागला वा तो गळून गेला, तर द्यायचं आणि मग रुग्णवाहिका बोलवायची. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. म्हणून जवळ नेहमी दोन ठेवायचे.

आणि त्याला उठवायचं नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून ठळक सांगतो. आडवं झोपवायचं, पाय उंच करायचे. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्यायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. थोडं बरं वाटल्यावर 'चल, चालत गाडीपर्यंत जाऊ' असं केलं, की पायात उतरलेलं रक्त हृदयाकडे परत येत नाही आणि मूल उभ्या उभ्या कोसळू शकतं. उचलून न्या, पण तेही आडवं.

दवाखान्यातून अर्ध्या तासात घरी सोडलं, ते मला पटलेलं नाही. एकदा ओसरलेली लक्षणं काही तासांनी, नव्याने डंख न होताही परत येऊ शकतात. म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिसनंतर मुलाला निदान चार ते सहा तास नजरेखाली ठेवतात, त्रास जास्त असेल किंवा दुसरा डोस लागला असेल तर रात्रभरसुद्धा. तुम्ही पोहोचलात तेव्हा तो सावरलेला होता आणि डॉक्टरांना पहिल्या दहा मिनिटांचं चित्र दिसलेलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. आता एवढं करा: तिथे जाऊन कोणतं इंजेक्शन, किती वाजता दिलं ते लिहून घ्या. तुमच्या पत्रातला तपशील तसाच्या तसा, मिनिटांसकट, दुसऱ्या कागदावर उतरवा. तज्ज्ञांना कुठल्याही रिपोर्टपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी काय होईल? ज्या मुलांना फक्त गांधी उठतात आणि बाकी काही होत नाही, त्यांना पुढच्या डंखाला अंगभर त्रास होण्याची शक्यता दहातल्या एकाच्या आसपास असते, आणि तोही बहुधा त्वचेपुरताच. तुमचा मुलगा त्या गटात बसत नाही. मध्यम ते तीव्र त्रास झालेल्या मुलांचा दहा-वीस वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झाला. उपचार न घेतलेल्यांपैकी ज्यांना पुन्हा डंख झाला, त्यांतल्या ३२ टक्क्यांना पुन्हा अंगभर प्रतिक्रिया आली. लहानपणी विषाची इंजेक्शनं घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे 'मोठा झाला की आपोआप जाईल' यावर सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

तो उपचार असा: ज्या माशीची अ‍ॅलर्जी, तिचंच शुद्ध केलेलं विष अतिसूक्ष्म मात्रेपासून वाढवत त्वचेखाली देत जायचं, म्हणजे शरीराला त्याची सवय होते. आधी काही आठवडे, मग महिन्याच्या किंवा त्याहून जास्त अंतराने, एकूण तीन ते पाच वर्षं. मधमाशीसाठी सुमारे ८० टक्के आणि गांधीलमाशीसाठी त्याहून जास्त संरक्षण मिळतं. पूर्वी आख्खी माशी वाटून काढलेला अर्क वापरत. १९७८ साली तुलना करून पाहिली तेव्हा तो अर्क औषध नसलेल्या दिखाऊ इंजेक्शनापेक्षा सरस नव्हता आणि शुद्ध विष मात्र कामी आलं. इतकी वर्षं लोक संरक्षण आहे समजून वावरत होते, याचं मला अजून वाईट वाटतं. अ‍ॅलर्जीची तपासणी डंखानंतर चार ते सहा आठवड्यांनी करतात, त्याआधी ती खोटी नकारात्मक येऊ शकते. मधमाशी आणि गांधीलमाशीचं विष वेगवेगळं असतं, तेव्हा नेमकी कोणती अ‍ॅलर्जी ते तिथेच कळेल. तोवर दोन्हींपासून जपा. आणि त्याच्या भावंडांची उगाच तपासणी करू नका. कधी त्रास न झालेल्या पुष्कळ निरोगी माणसांचीही ही तपासणी सकारात्मक येते, त्यातून निष्पन्न फक्त काळजी होते.

'आधी चावली तेव्हा काही झालं नव्हतं' हे वाक्य मी रोज ऐकतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस हा शब्दच त्यातून आला. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१-०२ मध्ये समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) या समुद्री प्राण्याचं विष कुत्र्यांना थोडं थोडं देऊन त्यांना पचेल का, ते बघत होते. पहिला डोस सोसलेला एक धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, लहानशा डोसाने काही मिनिटांत मेला. पहिल्या वेळेने संरक्षण मिळण्याऐवजी शरीर अधिकच तिखट होऊन बसलं होतं. रिशे यांना यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं.

अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलालाही एक धोका असतो, तो सगळ्यांनी वाचावा असा आहे. पोळं उठलं आणि मुलाला एकदम पन्नास-शंभर डंख झाले, तर विषाची मात्राच घातक ठरू शकते. मधमाशीच्या विषाची प्राणघातक मात्रा ढोबळमानाने दर किलोला १९ डंख धरतात, पण तब्येत त्याच्या खूप आधी बिघडते, आणि मोठ्या जातीच्या गांधीलमाश्यांच्या बाबतीत याहून कमी डंख पुरतात. वीस किलोचं मूल आणि साठ किलोचा माणूस एकाच पोळ्याखाली सापडले, तर तेवढ्याच डंखांत मुलाच्या वाट्याला दर किलोमागे तिप्पट विष येतं. तांबड्या पेशी आणि स्नायू फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. हे सगळं दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं, म्हणून मूल हसतखेळत दिसलं तरी दाखल करून रक्त-लघवी तपासतात. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा कमी झाली तर एक क्षण थांबू नका. माश्या मागे लागल्या तर तोंड झाकून सरळ रेषेत पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. हात झटकू नयेत. पाण्यात बुडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

डंख काढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून बसते आणि माशीच्या पोटातून विषाची पिशवी तुटून तिच्यासोबत राहते. जवळून पाहिलं तर ती इवलीशी पिशवी माशी उडून गेल्यावरही आकसताना दिसते. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांत आत जातं. म्हणून नखाने खरवडा, चिमटीत धरून ओढा, पण तत्क्षणी काढा. कसं काढलं यापेक्षा किती लवकर काढलं याला महत्त्व आहे. खरवडायला एखादं कार्ड शोधायला घरात जाऊ नका. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती मागे राहत नाही आणि ती माशी पुन्हा पुन्हा डसते. मग जागा साबण-पाण्याने धुवायची. माती वगैरे काही थापायचं नाही. तोंडात किंवा घशात डंख झाला तर अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखाना. नुसती सूजही श्वास अडवू शकते. डोळ्याला झाला तर तिथली नांगी स्वतः काढू नये.

आता शेवटचा प्रश्न. त्याला खेळायला पाठवा. सहा वर्षांच्या मुलाला माशीच्या भीतीने चार भिंतींत कोंडणं मला मान्य नाही, आणि तसं करून माशी टळेलच असंही नाही. औषध हातात येईपर्यंत मात्र त्याच्यासोबत मोठं माणूस असावं आणि कोणत्या रुग्णालयात अ‍ॅड्रेनॅलिन तयार असतं, ते आधीच विचारून ठेवा. पायात बंद बूट, बाहेर खाताना उघड्या बाटलीतून पिणं नाही, पोळं दिसलं की लांब. त्याला एक वाक्य शिकवा: 'मला माशी चावली.' चावल्याबरोबर कुणाही मोठ्या माणसाला जाऊन हेच सांगायचं, बाजूला जाऊन रडत बसायचं नाही. शाळेत आणि मित्रांच्या घरी औषधासोबत एक कागद द्या. त्यावर त्याचा फोटो, लक्षणं, पेन कुठे टोचायचा, कुणाला फोन करायचा आणि त्याचं वजन. वजनाच्या पुढे तारीख घाला. या वयात मुलं भराभर वाढतात, दर सहा महिन्यांनी काटा बघून तो आकडा बदला आणि त्याच दिवशी पेनाची मुदतही वाचा.